वरची पायरी चढताना : ग्रामीण महाविद्यालय आणि खो-खो

महाविद्यालयाच्या संघाने सध्याच्या पातळीवरच खेळत राहावे, की अधिक चुरशीच्या आणि अधिक खर्चाच्या वरच्या पातळीवर उतरावे, हा निर्णय क्रीडा विभागाने एकट्याने घेण्यासारखा नाही. त्यात संस्थेचा पैसा गुंततो, विद्यार्थ्यांची वर्षे गुंततात आणि महाविद्यालय खेळ कशासाठी चालवते, हेही त्यातून उघड होते. अमेरिकेत हा वाद अमेरिकन फुटबॉलवरून होतो. महाराष्ट्रात, विशेषतः धाराशिव जिल्ह्यात, तो खो-खोच्या संदर्भात विचारात घ्यावा लागतो. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने आपल्या खो-खो संघासाठी मोठी झेप घ्यावी का, घ्यायची तर कोणत्या तयारीने, याचा विचार येथे केला आहे.

भारतातील महाविद्यालयीन खेळात अमेरिकेसारखे कायमचे गट नाहीत. येथे दरवर्षी नव्याने चढावी लागणारी शिडी आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही पहिली पायरी. तेथील कामगिरी आणि निवड चाचणी यांवरून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो संघ भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो, विभागातील आघाडीचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात आणि तेथून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेची वाट उघडते. ही शेवटची स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली. धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांना एकमेकांशी झुंजूनच विद्यापीठाच्या संघात जागा मिळवावी लागते. त्यामुळे येथे वरच्या पातळीवर जाणे म्हणजे एखादा अर्ज मंजूर होणे नाही. वर्षभर सराव घेणारा मार्गदर्शक, मॅटचे मैदान, प्रवास, आहार आणि खेळाडूंची भरती यांवर आजच्या कितीतरी पट खर्च करण्याचा तो निर्णय असतो.

हा प्रश्न धाराशिवमध्ये अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण खो-खोच्या नकाशावर या जिल्ह्याचे नाव ठळक आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादचा तीत समावेश झाला. पाऊस बेभरवशाचा, उद्योग थोडे, शेती कोरडवाहू. अशा जिल्ह्यातून सारिका काळे पुढे आली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २२ वर्षांनंतर हा सन्मान पुन्हा खो-खोकडे आला. घरच्या परिस्थितीमुळे जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत होते, असे तिने त्या वेळी सांगितले होते. तेव्हा ती तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. राष्ट्रीय पातळीवर चमकण्याइतकी गुणवत्ता जिल्ह्यात आहे का, ही शंका आता उरलेली नाही. ती गुणवत्ता जिल्ह्याच्या गावापलीकडे, लोहारा, उमरगा, वाशी, भूम, परंडा अशा तालुक्यांतून वर कशी येईल, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत खेळाची वरची पातळीही पुष्कळ बदलली आहे. खो-खोची नियमावली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आकाराला आली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या हा खेळ मातीतच वाढला. आता राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होतात. २०२२ मध्ये पुण्यातील बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम झाला आणि ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे एका गुणाने हरवून तो जिंकला. लीगमध्ये पाळी सात मिनिटांची करण्यात आली आणि कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वझीर’ आणला गेला. पारंपरिक खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की ती बदलता येत नाही. पळतीचे सारे कसब या बंधनावर उभे होते. वझीर आल्याने बचावाचे गणितच वेगळे झाले. मातीत अनवाणी सराव केलेल्या खेळाडूला मॅटवर बूट घालून वळताना पायाची पकड, झेप आणि वेग नव्याने शिकावा लागतो. मॅटचा सराव न करता थेट मॅटवर उतरणाऱ्या खेळाडूचा गुडघा आणि घोटा धोक्यात येतो. म्हणून खालची आणि वरची पातळी यांतले अंतर पूर्वी कौशल्यापुरते होते, ते आता साधनांचेही झाले आहे.

वर जाण्याच्या बाजूने पहिला मुद्दा खेळाडूच्या वाढीचा. दरवर्षी त्याच चार-पाच महाविद्यालयांशी खेळून संघ एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही. प्रतिस्पर्धी वेगवान असेल तरच पळती करणाऱ्याला साखळी मोडण्याच्या नव्या वाटा सुचतात आणि पाठलाग करणाऱ्याला खो देण्याची अचूक वेळ कळते. दुसरा मुद्दा उपजीविकेचा. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा ३० एप्रिल २००५ चा शासन निर्णय पुढे सुधारण्यात आला. मात्र त्याचा लाभ मिळताना स्पर्धा कोणत्या पातळीची होती आणि तिला कोणत्या संघटनेची मान्यता होती, हे पाहिले जाते. गावोगावच्या चषक स्पर्धा कितीही जिंकल्या तरी त्यांच्या प्रमाणपत्राने नोकरी लागत नाही. कोरडवाहू तीन एकरांवर चालणाऱ्या घरातील मुलाला किंवा मुलीला वरच्या स्पर्धेत उतरण्याची संधी नाकारणे म्हणजे त्यांच्या हातचा एक व्यवसाय नाकारणे होय.

तिसरा मुद्दा मुलींचा, आणि धाराशिवच्या बाबतीत तो सर्वांत वजनदार आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात बारावी झाली की मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. संघात निवड झालेल्या, विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीच्या घरी ती बोलणी दोन-तीन वर्षे पुढे जाऊ शकतात, कारण शिकण्याला आणि घराबाहेर पडण्याला गावाने मान्य केलेले कारण तिच्यापाशी असते. त्या वर्षांत पदवी पूर्ण होते, स्पर्धा परीक्षेची तयारी होते, शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. हा लाभ संघातील प्रत्येक मुलीला मिळू शकतो, मग ती पुढे राष्ट्रीय खेळाडू होवो वा न होवो. मात्र व्यावसायिक लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. जिल्ह्याचे नाव मुलींनी मोठे केले आणि बाजाराने पहिला पैसा पुरुषांच्या खेळात घातला. अशा वेळी मुलींच्या खेळाला आधार देण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर अधिक येते.

विरुद्ध बाजूचे आक्षेपही तितकेच खरे आहेत. पहिला खर्चाचा. पूर्ण मैदानाच्या मॅटला काही लाख रुपये लागतात, आणि ऊन-पावसापासून ती वाचवायची तर छत हवे. विद्यापीठाचे मुख्यालय लोहाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. निवड चाचणी, सराव शिबिर आणि स्पर्धा यांसाठी संघाला वर्षातून अनेकदा लांबचा प्रवास करावा लागतो. २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, ही मोठीच सोय झाली. पण मुक्काम, जेवण, बूट, गुडघ्यांचे पट्टे आणि दुखापतीवरचा औषधोपचार यांचा भार उरतोच. ग्रामीण अनुदानित महाविद्यालयाला क्रीडा शुल्कातून मिळणारी रक्कम तुटपुंजी असते. ती सारी खो-खोकडे वळवली तर कबड्डी, कुस्ती, मैदानी खेळ आणि कोणत्याच संघात नसलेला सामान्य विद्यार्थी यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. महाविद्यालयाच्या मैदानावर पहिला हक्क या शेवटच्या विद्यार्थ्याचा आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप माणसांचा. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद वर्षानुवर्षे रिकामे राहते किंवा काम तासिका तत्त्वावर चालते. तासिकेवर नेमलेली व्यक्ती पुढच्या जूनमध्ये असेलच याची खात्री नसते. खो-खोचा संघ तर दीर्घ सहवासातून घडतो. आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि पाठीमागून आलेल्या एका आवाजावर उठून धावतात. हा विश्वास एका हंगामात तयार होत नाही. मार्गदर्शक दरवर्षी बदलत असेल, तर वरच्या पातळीची भाषा करण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. वर जाण्याची घाई झालेली संस्था खेळाडू घडवण्याऐवजी गोळा करू लागते. बाहेरच्या जिल्ह्यातील तयार खेळाडूंना प्रवेश दिला जातो, ते स्पर्धेपुरते येतात, चषक कपाटात लागतो आणि गावातली मुले बाकावर बसून राहतात. अशा विजयातून महाविद्यालयाच्या परिसराला काहीच मिळत नाही. प्रमाणपत्राच्या मागे नोकरी असल्यामुळे मोहही वाढतो. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि प्रामाणिकपणे घाम गाळलेल्या खेळाडूंच्या प्रमाणपत्राकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्या संस्थेला चषक आधी आणि विद्यार्थी नंतर हवा असतो, तिने वरच्या पायरीवर न गेलेलेच बरे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेकडे आहे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९७३ मध्ये महाविद्यालयांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही आणि अभ्यासाला प्राधान्य असते. पहिल्या विभागातील अमेरिकन फुटबॉलचे १९७८ मध्ये पुन्हा दोन स्तर झाले. खालच्या स्तरावरून वरच्या स्तरावर जाण्याची ओढ तेथे इतकी वाढली, की २०२३ मध्ये या स्थलांतराचे शुल्क पाच हजार डॉलरवरून थेट ५० लाख डॉलर करण्यात आले. या स्थलांतराचे दोन अनुभव बोलके आहेत. व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठ खालच्या स्तराचे विजेतेपद २००४ आणि २०१६ असे दोनदा जिंकून २०२२ मध्ये वर गेले आणि पहिल्याच हंगामात ११ पैकी ८ सामने जिंकले. आयडाहो विद्यापीठाने मात्र दोन दशके वरच्या स्तरावर काढल्यानंतर २०१८ मध्ये स्वतःहून खालचा स्तर पुन्हा स्वीकारला. जवळच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे आणि आवाक्यातला खर्च या गोष्टी त्या विद्यापीठाला मोठ्या नावापेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. पाया भक्कम झाल्यावर वर गेलेला संघ टिकतो आणि झेपत नसलेली पातळी सोडणे ही नामुष्की ठरत नाही, हे दोन धडे त्यातून मिळतात.

महाराष्ट्रातील फुटबॉलचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने निर्णय घेतला आणि संघ बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. पुण्याचाच भारत एफसी आय-लीगचा एक हंगाम खेळून त्याच वर्षी मिटला आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. हे सारे देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळले होते. त्यांच्यामागे पैसा होता, पण पैसा थांबल्यावर संघ सावरून धरील असा समाज उभा राहिलेला नव्हता. कोल्हापुरात याच्या उलट चित्र दिसते. तेथील संघ पेठांच्या आणि तालमींच्या आधाराने उभे आहेत. शाहू स्टेडियमवरील स्थानिक लीगला हजारो प्रेक्षक येतात. हे संघ राष्ट्रीय लीगमध्ये नाहीत, तरी पिढ्यानुपिढ्या टिकले, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. केवळ वरच्या पातळीवर पोहोचल्याने संघ टिकत नाही. त्याला आपला मानणारी माणसे भोवती असावी लागतात.

मात्र कोल्हापूरच्या उदाहरणावरून खालीच थांबावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळापासून राजाश्रय मिळाला आणि शहराची मोठी बाजारपेठ पाठीशी राहिली. लोहारा तालुक्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली आणि येथील एका संपूर्ण पिढीची शक्ती घरे उभी करण्यात गेली. ज्या भागाला इतिहासाने कमी दिले, त्याला आहे तेथेच समाधान मानायला सांगणे हा शहाणपणा नव्हे, अन्याय आहे. त्यामुळे वर जायचे की नाही, यापेक्षा कोणत्या क्रमाने जायचे, याला महत्त्व येते.

हा क्रम शाळेपासून सुरू व्हायला हवा. महाविद्यालयाच्या भोवतीच्या जिल्हा परिषद आणि माध्यमिक शाळांतील सहावी-सातवीच्या मुली नियमित खेळत असतील, तर सहा वर्षांनी महाविद्यालयाला तयार खेळाडू मिळतात आणि बाहेरून आणण्याची गरज पडत नाही. दुसरी पायरी मार्गदर्शकाची : किमान पाच वर्षे एकाच जागी राहील आणि मुलींच्या घरी जाऊन पालकांशी बोलेल अशी व्यक्ती. तिसरी पायरी आहाराची आणि वेळेची. सरावानंतर दूध, अंडी, शेंगदाणे आणि गूळ मिळाले पाहिजेत आणि शेवटची एसटी चुकणार नाही अशा बेताने सराव संपला पाहिजे. रिकाम्या पोटी केलेला सराव शरीर घडवत नाही, ते झिजवतो. मॅट चौथी येते. पहिल्या तीन गोष्टी नसताना आणलेली मॅट गुंडाळून ठेवलेलीच राहते.

मॅटचा आणि मार्गदर्शकाचा खर्च एकट्या महाविद्यालयाने उचलण्याचीही गरज नाही. तालुका क्रीडा संकुलांची शासकीय योजना आहे आणि विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवमध्येच आहे. लोहारा, उमरगा आणि तुळजापूर हे लगतचे तालुके. या तीन तालुक्यांतील महाविद्यालयांनी मिळून मॅटचे एक सामाईक केंद्र चालवले, एक पूर्णवेळ मार्गदर्शक नेमला आणि शनिवार-रविवारी आपसांत सामने भरवले, तर प्रत्येकाचा खर्च विभागला जाईल आणि प्रत्येकाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ही महाविद्यालये एकमेकांविरुद्ध खेळतील. विद्यापीठाच्या संघात मात्र त्यांचे खेळाडू एकत्र येतील आणि तेव्हा या सामाईक सरावाचे मोल कळेल. छोट्या संस्थांनी आपापले मोठेपण बाजूला ठेवून एकत्र येण्यातच ग्रामीण खेळाचे भवितव्य आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की एवढी तयारी होईपर्यंत आजच्या खेळाडूंची वर्षे निघून जातील. पदवीची तीन-चार वर्षे थांबत नाहीत, हे खरेच आहे. त्यावर उपाय असा, की संघ थांबला तरी खेळाडूला थांबवू नये. ज्या मुलीत आजच वरच्या पातळीची चुणूक आहे, तिला निवड चाचणीला, शिबिराला आणि जिल्हा संघाच्या सरावाला पाठवण्याचा खर्च महाविद्यालयाने आजच करावा. संघाची वाटचाल सावकाश होऊ शकते. एका गुणी खेळाडूला मात्र वेळेवर वर पाठवलेच पाहिजे. परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर तिचे वर्ष वाया जाणार नाही, याची हमी प्राचार्यांनी लेखी द्यावी. पदवी अर्धवट टाकून मिळालेले पदक पुढे फारसे उपयोगी पडत नाही.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. किती चषक आले, हे सहज दिसते. पाच वर्षांत किती खेळाडूंनी पदवी पूर्ण केली, किती जणी विद्यापीठाच्या संघात गेल्या, किती जण पोलीस, शिक्षण किंवा क्रीडा खात्यात लागले आणि किती माजी खेळाडू गावच्या शाळेत संध्याकाळी मुलांना शिकवायला परत आले, हे मोजायला कष्ट पडतात. पण वरच्या पातळीवर जाणे सार्थकी लागले की नाही, हे याच आकड्यांवरून ठरते. वर्षाच्या शेवटी महाविद्यालयाने हा हिशेब ग्रामस्थांपुढे आणि पालकांपुढे मांडला, तर खेळावर खर्च झालेल्या पैशाविषयी कुणाच्या मनात किंतू राहणार नाही.

सारांश, लोहाऱ्यासारख्या तालुक्यातील महाविद्यालयाने खो-खोत वरच्या पातळीवर जावे, आणि जाण्याचा निर्णय उघडपणे घ्यावा. मात्र ते स्वतःच्या परिसरातील मुलामुलींना घेऊन, शेजारच्या महाविद्यालयांना बरोबर घेऊन आणि अभ्यासाला धक्का न लावता जावे. खेळाडू, मार्गदर्शक, आहार, मॅट आणि सर्वांत शेवटी चषक, हा क्रम पाळणे शक्य नसेल, तर आहे त्या पातळीवर अधिकाधिक विद्यार्थ्यांना मैदानावर आणणे हेच त्या संस्थेचे कर्तव्य आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही. संस्थाचालक, प्राचार्य आणि पालक यांनी येत्या शैक्षणिक वर्षाआधी एकत्र बसून आपल्या महाविद्यालयाची तयारी या पाच कसोट्यांवर तपासावी आणि पहिल्या कसोटीवरचे काम लगेच सुरू करावे.